पहिली वेलांटी

"हा ऑस्कर. हा मिया. हा पण माझा नाही!"

नीरजा वाळलेल्या वेलींवरून उड्या मारत पुढे चालली होती. मागून आजोबा येत होते, हळूहळू. शेताच्या मालकिणीने, हेलनने, दिलेले गमबूट त्यांना जरा मोठे होत होते.

एप्रिल, म्हणजे इथल्या दक्षिण गोलार्धातला शरद, निम्मा सरला होता. पानं झडून गेली होती आणि राखी रंगाचे भोपळे उघडे पडले होते, जेवणावळीनंतर पालथ्या घातलेल्या पातेल्यांसारखे. जानेवारीत हेच भोपळे मुठीएवढे होते. तेव्हा हेलनने प्रत्येक मुलाच्या हातात एकेक खिळा दिला होता. कोवळ्या सालीवर नाव कोरायचं. भोपळ्याबरोबर नावही मोठं होतं. मग शरदात यायचं, आपलं नाव वाचायचं आणि भोपळा घरी न्यायचा. न वाचलेले भोपळे गाईंना.

आज शेवटचा दिवस होता.

सगळ्या मुलांनी इंग्रजीत नाव कोरलं होतं. नीरजाने मराठीत. आजोबा तेव्हा नुकतेच साताऱ्याहून आले होते आणि तिची मुळाक्षरं कशीबशी पुरी झाली होती.

"सापडला का गं?" कुंपणापाशी बसलेल्या चित्रलेखाने विचारलं. तिच्या मांडीवर लॅपटॉप होता. सोमवारी युनिव्हर्सिटीत तिचं प्रेझेंटेशन होतं.

"नॉट येट, आई!"

"बाबा, तुम्ही तरी सांगा ना तिला."

"तिला वाचू दे," आजोबा म्हणाले आणि एका भोपळ्यापाशी उभे राहिले. तिथून ते हललेच नाहीत.

नीरजा दोन ओळी धुंडाळून परत आली. तिचे गाल लाल झाले होते. "आजोबा, तू शोधत का नाहीस? थर्सडेला तू जाणार. मग कोण शोधणार?"

"मी उभा आहे ना."

तिचं लक्ष त्यांच्या पायाशी गेलं. राखी सालीवर खपली धरलेली, फुगीर, तपकिरी अक्षरं होती. तिने बोट ठेवून वाचलं.

"नि... र... जा."

ती थबकली. पुन्हा वाचलं. मग मान हलवली.

"माझा नाही हा."

"नाही?"

"ही पहिली वेलांटी आहे, आजोबा. माझी दुसरी. नीऽ."

आजोबा खाली वाकले आणि बुटात नसलेला खडा काढू लागले. त्यांना तोंड लपवायला थोडा वेळ हवा होता.

"मग ही निरजा कोण असेल?"

"दुसरी कोणीतरी."

"मराठी येतं म्हणायचं तिला."

"थोडंसंच. वेलांटी येत नाही."

"केवढी असेल?"

नीरजाने भोपळ्याकडे नीट पाहिलं. "लिटल. बघ ना, वरची रेघ पण थांबवली नाही तिने."

खरंच थांबवली नव्हती. रेघ 'जा'च्या पुढे तशीच निघाली होती, भोपळ्याच्या पोटाला वळसा घालून. नीरजा तिच्यावरून बोट फिरवत पलीकडे गेली. मग देठामागून तिचं डोकं वर आलं.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "मला ना, कुठे थांबायचं ते माहीत नव्हतं."

"हो?"

"तेव्हा मी लहान होते."

"भोपळाही लहान होता."

तिने दोन्ही हातांनी भोपळ्याला मिठी मारली. हात पुरले नाहीत. मग पुन्हा ती वेलांटी दिसली आणि तिचा चेहरा उतरला. "पण चूक पण मोठी झाली. तू दुरुस्त कर ना."

आजोबांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. शाळेतली मास्तरकी सुटून इतकी वर्षं झाली, तरी लाल पेन अजून तिथेच असायचं. त्यांनी पेन अर्धवट बाहेर काढलं आणि परत आत सरकवलं.

"नको. त्या लहान मुलीने किती मन लावून लिहिलंय. आणि आमच्या शाळेत वेलांटी चुकली की काय मिळायचं, ठाऊक आहे?"

"काय?"

"भोपळा."

नीरजाचे डोळे विस्फारले. "चुकलं तरी? वॉव! काय मस्त शाळा!"

आणि त्यांनी काही समजावायच्या आत ती कुंपणाकडे तोंड करून ओरडली, "आई! माझी वेलांटी चुकली! मला भोपळा मिळाला! मोठ्ठा!"

चित्रलेखाचा लॅपटॉप हसण्याने मांडीवरून घसरला. दोन ओळी पलीकडे सेल्फी काढणारी चार पोरंही एकदम खो-खो हसत सुटली. तोवर ती आपसात हिंदीत बोलत होती.

"अभिनंदन गं!" त्यातला एक ओरडला. "आम्हाला पण मिळाला, लास्ट सेमला!"

"कुठाय?" नीरजाने त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहत विचारलं.

बाकीच्या तिघांनी त्याच्याकडे पाहिलं. "अजून घरी दाखवला नाही," तो म्हणाला.

"माझा पण चुकलेलाच आहे," नीरजा म्हणाली. "पण जड आहे. या ना उचलायला."

चौघं वेली ओलांडत आली. दोघांनी खालून हात घातले, दोघींनी बाजूने धरलं. "देठाला नाही हं धरायचं," आजोबांनी सांगितलं. भोपळा हलला, उचलला गेला, आणि वरात कुंपणाकडे निघाली.

नीरजा पुढे उलट्या पावलांनी चालत होती. "नाव वर ठेवा," ती सगळ्यांना बजावत होती, "नाव वर! वाचता आलं पाहिजे!"