बिनशपथेची साक्ष

“बेलाचं पान उचलायचं आन् दोन शब्द बोलायचे. त्यात तुझ्या बाच्या घरचं काय जातंय?” तुळजाबाईनं विचारलं.

इनास तोफ पुसत राहिला. वसईकडचा हा किरिस्ताव गोलंदाज पेशव्यांच्या तोफखान्यात कैक वर्षं होता, आणि त्याच्याइतका हट्टी माणूस अख्ख्या पुण्यात शोधून सापडला नसता.

“उचलणार नाही,” तो म्हणाला. “गेनबा त्या रात्री माझ्या खोपटात तापानं फणफणला होता. उजाडेपर्यंत मी त्याच्या उशाशी होतो. एवढं कोतवालासमोर सांगेन. शपथ घेणार नाही.”

“बिनशपथेची साक्ष कोण धरील रं?”

“माझ्या वरच्या धन्याचा, देवाचा, हुकूम आहे, बाई. होय तर होय म्हण, नाही तर नाही. शपथ घेतल्यावरच मी खरा, तर एरवी मी काय खोटा बोलतो?”

तुळजाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. दारूखान्यातून बंदुकीच्या दारूचे बुधले चोरीला गेले होते आणि संशयावरून गेनबाला धरलं होतं. आज निवाडा. गुन्हा शाबीत झाला तर उजवा हात तुटणार. गेनबा पोरका होता; तिच्याच चुलीपाशी, तिच्या संभाजीच्या जोडीनं भाकरी खाऊन वाढलेला. धरपकड झाल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

इनासचा तिला संताप आला होता, पण संतापायचीही चोरी. पटकीच्या साथीत तिचा नवरा अंथरुणाला खिळला, तेव्हा सोयऱ्याधायऱ्यांनी दारं लावून घेतली. पाण्याची घागर घेऊन आला तो हाच. ना धर्माचं बोलला, ना उपकाराचं.

कोतवाल चावडीवर गर्दी लोटली होती. तुळजाबाई संभाजीला घेऊन वाट काढत पुढं गेली.

“आये, बायामाणसांचं हितं काय काम? घरी चल,” संभाजी कुजबुजला. तिनं लक्ष दिलं नाही.

इनासनं सगळं सांगितलं. कोतवालांनी बेलभंडाराचं ताट पुढं करवलं. इनासनं हात मागं घेतला.

“आमचा देव चालत नाही, समजलं,” कोतवाल म्हणाले. “मग तुझ्या गळ्यातल्या खुरसावर हात ठेव. आम्ही काही कोत्या मनाचे नाही.”

“त्याच्यावरही नाही, सरकार.”

“वा! देव नको, खुरूस नको, नुसती आपली जीभ पुरे! फारच मोलाची दिसते.”

लोक खो खो हसले. शपथ टाळणारा साक्षीदार खोटा, असाच चावडीचा हिशेब होता, आणि खोट्या साक्षीदाराला चाबकाचे कोरडे.

इनासनं आपणहून बंडी काढली.

पहिला कोरडा बसला. “आता बोल,” कोतवाल म्हणाले.

“गेनबा माझ्या खोपटात होता.”

पुन्हा कोरडा, पुन्हा तेच वाक्य. पाठ फुटली, पण शब्द हलला नाही; उलट आवाज चढत गेला. हसणारे एकेक करून गप्प झाले.

“बास करा, इनासबाबा!” बेड्यांतला गेनबा रडत ओरडला. “मीच चोर म्हना आन् सुटा!”

“गप!” इनास गरजला. “जे केलं नाहीस ते बोलायचं नाही!”

तुळजाबाईला शरम वाटली. उभ्या जन्मात वाटली नव्हती एवढी. एका पानासाठी ती ह्या माणसाच्या मागं लागली होती, आणि हा परक्याच्या पोरासाठी कातडं सोलून घेत होता.

ती पुढं झाली. संभाजीनं तिचा पदर धरला, तरी ती थांबली नाही. ताटातला बेलभंडार तिनं उचलला.

“कोण गं तू?” कोतवालांनी विचारलं. “ह्या गेनबाची कोण लागतेस?”

“कुनी न्हाई, सरकार.”

“मग मध्ये कशाला पडतेस?”

“त्या मानसाला मारू नगा. त्यो खरं बोलतोय. त्याच्या बदली मी शपथ घेते.” तिनं बेलभंडार कपाळाला लावला. “खंडेरायाची आन घेऊन सांगते. बुधले माझ्या घरात कडब्याखाली हायेत. आन् चोर ह्यो, माझा पदर वढतोय त्यो.”