एसटीतली तपासणी

एसटी खड्ड्यात आदळली आणि राजश्रीच्या पिशवीतला रबरी स्तन घरंगळत कंडक्टर गावंड्यांच्या पायाशी गेला. त्यांनी तो उचलला, ओळखला आणि लाजून पाठीमागे लपवला.

“विद्यापीठाच्या कर्करोग संशोधनाचा आहे,” राजश्री ओशाळून म्हणाली. “आतली गाठ शोधायला बायकांना शिकवते.”

“आण इकडं,” शेजारची आजी म्हणाली. मग तो गाडीभर फिरला. त्या नादात दोन बायकांचे थांबे चुकले.

गावंडे हळूच म्हणाले, “मॅडम, पुढच्या थांब्यावर आमची मंडळी डबा घेऊन येते. गाठ लागतेय म्हणते, पण दवाखान्याला तयार नाही.”

तो थांबा आल्यावर राजश्री उतरून गावंड्यांच्या बायकोला समजावू लागली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, तशा सगळ्या बायका त्याच्यावरच ओरडल्या. शेवटी ती डब्यासकट गाडीत चढली आणि गावंड्यांनी तिचं तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतचं तिकीट फाडलं.