सत्तेचाळीस नंबरचा वेल्डर

हाइडरूनने गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. "पपा, मी इथंच बसते. तुम्ही बघून या."

ओटफ्रीड ब्रांडेस तोवर दार उघडून, काठी बाहेर टेकवून मोकळे झाले होते. वय शहाऐंशी. डॉक्टरकडे न्यायचं तर ज्यांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत, ते आज सकाळी सहालाच टाय बांधून तयार होते.

"पायऱ्या आहेत," ते म्हणाले. "हात दे."

झक मारत ती उतरली.

सतरा वर्षांची असताना तिने बापाला विचारलं होतं, युद्धात तुम्ही काय केलंत? "वेल्डिंग केलं," ते म्हणाले होते, "आणि चांगलं केलं." तोफगाड्यांचं वेल्डिंग, हे तिला शेजाऱ्यांकडून कळलं. त्यानंतर ती हाम्बुर्गला गेली, शिक्षिका झाली, आणि नाताळखेरीज घरी फिरकली नाही. बापाने लाज वाटून मान खाली घातली असती, तर तिने एक वेळ माफ केलं असतं. पण या गृहस्थांची मान कधी खाली गेलीच नाही.

शेडमध्ये मार्डर नावाची ती तोफगाडी उभी होती. जुनाट रणगाड्याच्या सांगाड्यावर लांबलचक तोफ बसवलेली, भोवती पातळ पत्रा, डोक्यावर छप्पर नाही. रशियन रणगाडे आवरेनात तेव्हा घाईघाईत जुळवलेलं हे हत्यार. गावातल्या हौशी मंडळाने ते दलदलीतून उपसलं होतं आणि चार वर्षं खपून पुन्हा चालतं केलं होतं. मंडळी टाळ्या वाजवू लागली. टेबलावर कॉफी आणि प्लमचा केक मांडलेला होता.

मंडळाचा प्रमुख डेटलेफ फॉस, निवृत्त बस मेकॅनिक, ओटफ्रीडना हात धरून तोफगाडीपाशी घेऊन गेला. त्या काळी प्रत्येक वेल्डरने आपल्या जोडाशेजारी आपला नंबर ठोकायचा असा नियम होता. त्या नंबरावरूनच त्याने म्हाताऱ्याला शोधून काढलं होतं. बाहेरचा एकूण एक जोड सत्तेचाळीस नंबरचा होता.

"पन्नास वर्षं चिखलात होती, ब्रांडेससाहेब, पण एक जोड उकललेला नाही. आमच्या आजच्या पोरांना हे जमायचं नाही." बाजूला पितळी फलक झाकून ठेवला होता. त्यावर ओटफ्रीडचं नाव कोरलं होतं.

ओटफ्रीडनी जोडावरून बोटं फिरवली. त्यांचा चेहरा उजळला होता. हाइडरूनला तो बघवेना. एवढी वर्षं गेली, तरी या माणसाला अजून त्या तोफेचाच अभिमान.

"आतल्या पोरांचं काय झालं?" ओटफ्रीडनी विचारलं. फलकाकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

डेटलेफने ते कागदपत्रांतून शोधलं होतं. चौघंही वाचले. पहिल्याच लढाईत नेम धरायची दुर्बीण निखळून पडली, तोफ आंधळी झाली. पोरांनी गाडी दलदलीत सोडली आणि इंग्रजांपुढे हात वर केले. तोफेने कुणाला मारलं नाही, आतलंही कुणी मेलं नाही. त्यांतला एक जण पुढे ब्रेमेनला बेकरी चालवत होता, गेल्याच वर्षी वारला.

"कितव्या गोळ्याला?" ओटफ्रीडनी विचारलं.

"काय?"

"दुर्बीण. कितव्या गोळ्याला पडली?"

"चौथ्या."

त्यांनी मान हलवली. हाइडरूनने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. ते बसले नाहीत.

डेटलेफने पेटीतून मोडलेलं ब्रॅकेट काढलं. दुर्बीण त्यावर बसवलेली असे. वरून जोड देखणा, पण आत पोकळ. "या एका जोडावर नंबर नाही," तो म्हणाला. "कुणीतरी ढ असणार. नशीब त्याचं, की तपासनीस बाहेरच्याच जोडांवर हातोडी मारून बघायचा. हे सापडलं असतं तर गड्याला भिंतीशी उभं करून गोळी घातली असती. तुम्ही काळजी करू नका, त्याचं पाप तुमच्या फलकावर येणार नाही."

ओटफ्रीडनी ब्रॅकेट हातात घेतलं. अंगठ्याने तुटलेली कड चाचपली, आणि डेटलेफकडे नाही, लेकीकडे पाहिलं.

"हाही माझाच," ते म्हणाले. "असे एकशे चाळीस केले."