मागच्या चाकाचा नट

अपघातानंतर थोरलीच्या पायात सळी बसवली आणि डॉक्टरांनी मोटारसायकल चालवणं कायमचं बंद केलं, तेव्हा तिची गाडी धाकट्या बहिणीकडे गेली. आज धाकटीने अंगणात स्वतःच चेन ताणली, कॅरियर बसवला, नवे दिवे लावले. "ताई, कशी दिसतेय?" "नटवलेल्या म्हशीसारखी," खुर्चीतून थोरली म्हणाली. तिचा आतून जळफळाट होत होता. तेवढ्यात तिला दिसलं, चेन ताणताना सैल केलेला मागच्या चाकाचा नट धाकटी पुन्हा आवळायला विसरली होती. पडू दे एकदा, असं मनात आलं आणि ती गप्प राहिली. धाकटीने हेल्मेट चढवून किक मारली. "येते गं!" गाडी फाटकापर्यंत पोहोचली आणि थोरली किंचाळली, "थांब!" लंगडत जाऊन तिने पान्याने नट करकचून आवळला. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, तू नसतीस तर..." "तर माझी गाडी मोडली असती," थोरली फणकारली.