घड्याळातली दोन मिनिटं

"चाळीस टक्के दाखवतो आणि गपकन बंद पडतो," निवृत्त मास्तरांनी फोन काउंटरवर ठेवला. "तेवढं बघ पोरी. बाकी हळू झालोय तो मी. त्याला तुझ्याकडे औषध नाही."

"हळू म्हणजे?" मोबाइल दुरुस्त करणाऱ्या बाईने विचारलं.

म्हणजे असं, की मास्तर रोज दुपारी परगावच्या ताईशी फोनवर बुद्धिबळ खेळत. एका डावाला दोघांना पाच-पाच मिनिटं. गेले तीन महिने मास्तर रोज वेळ संपून हरत होते. ताई सात वर्षांनी मोठी, तरी तिचा निम्मा वेळ शिल्लक. आठवड्याभरापासून तर ती मुद्दाम चुका करायला लागली होती. हरण्यापेक्षा ते मास्तरांना जास्त लागलं. आपलं डोकं चालेनासं झालं, हे त्यांनी ठरवूनच टाकलं. स्कूटरची किल्ली आपणहून सुनेला दिली. उद्या मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. भीती वाटत होती, पण सांगणार कुणाला?

"डाव उघडून एक चाल खेळून दाखवा बरं."

मास्तरांनी घोडा सरकवला. घोडा जागचा हलेना. चार सेकंदांनी हलला.

"बघितलंस? इतका वेळ लागतो मला."

"तुमचं बोट केव्हाच पुढे गेलं होतं, सर. उशीर फोनने केला." तिने मागचं झाकण उघडलं. "बॅटरी सहा वर्षांची आहे. तिला एकदम जोर झेपत नाही. मध्येच बंद पडायला नको, म्हणून फोन आपणच सावकाश चालतो. तरीही पडतो कधी कधी, ते वेगळं."

मास्तर स्टुलावर बसले. तिने नवी बॅटरी बसवली. मग त्यांनी तिथूनच ताईला फोन लावला. "आत्ताच्या आत्ता खेळायचं. आणि मला मुद्दाम जिंकवायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

डाव सुरू झाला. घोडा बोटाबरोबर उडी मारत होता. बाई हातातलं काम सोडून बघत राहिली. सहाव्या मिनिटाला ताईच्या वजिराने मास्तरांचा राजा कोपऱ्यात गाठला. मात.

"अरेरे!" बाईच्या तोंडून निघालं.

मास्तर हसत होते आणि डोळे पुसत होते. "अरेरे काय? हे बघ," त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. "माझ्या घड्याळात अजून दोन मिनिटं शिल्लक आहेत!"