दूध उतू जाईपर्यंत

कॅरव्हान गाडीपासून सोडवली, पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणला, पण मागचा टेकू गंजून अडकला, म्हणून श्रीधर तो सोडवायला खाली शिरला. तेवढ्यात सासूबाई पातेलं घेऊन आत चढल्या. जुनाट असलं तरी जर्मनीत आमच्या मालकीचं हे पहिलंच छप्पर. दूध उतू घालवल्याशिवाय त्यात झोपायचं नाही, असं त्यांनी र्युसेल्सहाइमच्या भाड्याच्या घरातून निघतानाच बजावलं होतं. शेगडी मागच्या टोकाला. त्या तिथे पोचल्या आणि टेकूविना कॅरव्हान मागे कलली, पुढचं छोटं चाक जमिनीवरून उचललं गेलं. मी धावत जाऊन गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्यावर बसले, तेव्हा कॅरव्हान कशीबशी थांबली. मागचा तळ श्रीधरच्या छातीला टेकला होता. अख्खा कॅम्पिंगप्लाट्झ वर्ल्ड कपची मॅच बघत होता. हाक कोणाला ऐकू जाणार? "आईला सांगू नकोस," तो खालून जेमतेम म्हणाला. "घाबरून धावेल." मी आवाज शक्य तितका साधा ठेवला. "आई, जरा पुढे येता का?" "थांब गं, दूध वर आलंय. अर्धवट सोडू नये." दांडा माझ्याखाली हलत होता. मी वाकून पाहिलं, तर शेगडीखालच्या भोकातून दुधाचे थेंब श्रीधरच्या गळ्यावर पडत होते. "आई, गेलं उतू," तो म्हणाला. आवाज सासूबाईंच्या पायाखालून आला होता. गॅस बंद केल्याचं ऐकू आलं. मग त्या पुढे आल्या, तान्हं मूल झोपलेल्या खोलीतून आई निघते तशा.