पिल्लाची पारख

अमरसिंह पायताण न काढता सोप्यात शिरला, तेव्हाच धोंडुबाईच्या डोक्यात तिडीक गेली होती. मागोमाग त्याच्या दोन पोरी आल्या आणि भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. त्यानं बुटाच्या टोकानं कुत्रीचं एकेक पिल्लू उलटं करून बघायला सुरुवात केली.

"ह्ये मरतुकडं, त्ये आळशी. पोरींसाठी न्यायचंय, मावशी. चावलं तर आणून तुमच्याच दारात टाकीन."

"पाय मागं घ्या आधी," धोंडुबाई म्हणाली. "माझी पिल्लं चाळीस घरांत हायत. एकानंबी कुठल्या लेकराला दात लावल्याला न्हाई."

तिची पारख ठरलेली होती. पिल्लासमोर अचानक हात उगारायचा. गुरगुरलं किंवा दबकलं, तर ते लेकरांच्या घरात द्यायचं नाही. गुरगुरणारं आज चावतं, दबकणारं उद्या.

तिनं तांबडं पिल्लू उचलून पोरींच्या पुढ्यात ठेवलं आणि खाडकन हात उगारला. पिल्लानं उडी मारून तिची बोटंच चाटली.

"बघा की, भ्यालंबी न्हाई," अमरसिंह खूश होऊन म्हणाला. "ह्येच द्या."

 

"न्हाई मिळायचं," म्हणत धोंडुबाईनं पिल्लू छातीशी धरलं. तिचा हात कधीच खाली आला होता, तरी समोर दोन्ही पोरी अजून डोकं हातांनी झाकून दबकून बसल्या होत्या.